भिंतीवर नाव लिहिणारं लेकरू

मुलगा भिंतीवर स्प्रे मारताना सापडला की पालक दोनच गोष्टी विचारतात. तो वाया गेला का? आणि पोलिस केस झाली तर पुढची नोकरी गेली का? माझ्याकडे आलेल्या जालन्याच्या एका वडिलांनीही हेच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) स्टील मिलमध्ये पाळीचं काम, पोरगा दहावीत. "मारलं बी मॅडम, तरी तोंड उघडंना."

केसची भीती आधी घालवली. १८ वर्षांखालच्या मुलाला बाल न्याय कायदा, २०१५ लागू होतो. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलंच, तर अशा किरकोळ बाबतीत समज, समुपदेशन किंवा समाजसेवा असा आदेश होऊ शकतो, आणि त्यामुळे मूल पुढे नोकरीला अपात्र ठरत नाही. मात्र हाच स्प्रे देवगिरीच्या तटावर मारला, तर १९५८ चा पुरातन वास्तूंचा कायदा आहे. त्यात सज्ञान माणसाला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे पोरालाही स्पष्ट सांगितलं.

मग त्याला एकट्याला बसवलं. चार घरांच्या भिंतींवर 'एमएच २१ किंग' कशासाठी? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "भाऊच्या बड्डेचं बॅनर चौकात चालतं, माझं नाव का नाही चालत?"

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. क्लासच्या जाहिराती, शुभेच्छांचे फ्लेक्स लावून चौक भरवतात मोठेच, आणि उपदेश ऐकायचा पोरांनी. पण चौकाचं सोडून मी विचारलं, ज्या आजींची भिंत आहे त्यांना तू ओळखतोस का? ओळखत होता.

ठरलं ते असं: चारचौघांत माफीनामा नाही. चारही घरी स्वतः जाऊन विचारायचं, भिंत स्वतः रंगवायची, वडिलांनी सुट्टीच्या दिवशी सोबत उभं राहायचं. त्याला वाटलं तासाभराचं काम. स्प्रेवर थेट डिस्टेंपर मारला तर खालचं काळं पुन्हा डोकावलं. घासपेपर, प्राइमर, मग दोन हात. आजींनी चहा दिला, तेव्हा मात्र तो चांगलाच ओशाळला. असं ओशाळणं मारून येत नाही. (दगडी जुन्या वास्तूवर हा प्रयोग करू नका, थिनरने रंग दगडात आणखी मुरतो, ते काम पुरातत्त्व खात्याचं.)

पोराचं अक्षर खरंच वळणदार. मी वडिलांना म्हटलं, ओळखीच्या पेंटरकडे रविवारी बसू द्या. "आधी दहावी," ते म्हणाले. परीक्षेनंतर, यावर दोघांचं जमलं.

मित्रांनी पुढच्या गल्लीत पुन्हा लिहिलं. तिथल्या घरमालकांनी दुसऱ्याच दिवशी भिंत रंगवून टाकली. मी हेच सगळ्यांना सांगते: नाव जितके दिवस दिसतं, तितकी ते लिहिण्यातली मजा टिकते.