कॉनलन नॅनकॅरो यांनी वादक सोडून यांत्रिक पियानोसाठीच संगीत का रचलं?

कारण त्यांच्या मनातली लय माणसाच्या बोटांना झेपणारी नव्हती. अमेरिकेत १९१२ साली जन्मलेले नॅनकॅरो स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढले आणि १९४० मध्ये मेक्सिको सिटीत स्थायिक झाले. तिथे त्यांच्या रचना पेलणारे वादक मिळेनात. कागदावरच्या भोकांनुसार आपोआप वाजणाऱ्या यांत्रिक पियानोची वाट अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेल यांच्या पुस्तकातून सापडली. मग कागदी गुंडाळीवर हाताने एकेक भोक पाडत त्यांनी ‘स्टडीज’ रचल्या. त्यातली २१ वी स्टडी जरूर ऐका: एक स्वरओळ सतत वेग घेते, त्याच वेळी दुसरी मंदावत जाते, आणि मध्यावर दोघींची गाठ पडते. विलक्षण अनुभव आहे! मात्र वादक त्यांनी कायमचे सोडले नाहीत. १९८० च्या दशकात त्यांनी आर्डिटी या तंतुवाद्य वादकांच्या चौकडीसाठी पुन्हा रचना केली.