पोलीस नसलेला कायदा

प्रश्न : मी विधी शाखेत शिकते. बलाढ्य राष्ट्रे आंतरराष्ट्रीय कायदा उघडपणे मोडतात आणि त्यांना शिक्षा करणारे कोणीही नसते. मग त्याला कायदा म्हणणे ही आपली फसवणूकच नव्हे का?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : हा आक्षेप जुना आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. शिक्षेचा धाक घालून सार्वभौम सत्तेने दिलेली आज्ञा म्हणजे कायदा, असे जॉन ऑस्टिन या इंग्रज विधिज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडले आणि राष्ट्रांमधील नियमांना नीतीच्या कोटीत बसवले. बंधन आणि धाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एच. एल. ए. हार्ट या ब्रिटिश विधितत्त्वज्ञाने १९६१ मध्ये दाखवून दिले आणि मला त्यांचेच म्हणणे पटते. निकाराग्वा या मध्य अमेरिकेतील देशाने भरलेल्या खटल्यात १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल अमेरिकेच्या विरोधात गेला. तो पाळावा या सुरक्षा परिषदेतील ठरावावर अमेरिकेने नकाराधिकार वापरला. मात्र कुलभूषण जाधव यांच्या फाशीला याच न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली आणि भारतीय वकिलातीला त्यांच्याशी संपर्क करू न देणे हा व्हिएन्ना कराराचा भंग असल्याचा निकाल २०१९ मध्ये दिला, तेव्हा पाकिस्तानच्या दारात कोणताही पोलीस उभा नव्हता, तरीही फाशी थांबली.

माझ्या मते खरा प्रश्न शिक्षेचा नसून या कायद्यापुढे कोणाला उभे राहता येते, हा आहे, आणि कोल्हापूरकरांना तो परका वाटू नये. १८१२ मध्ये कोल्हापूर संस्थानाने कंपनी सरकारशी तह केला आणि मालवणचे बंदर दिले. तह करण्यापुरते संस्थान स्वतंत्र राज्य मानले गेले. पुढे १८९१ मध्ये हिंदुस्थान सरकारने अधिसूचना काढून जाहीर केले की, संस्थानांशी असलेल्या आपल्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वे लागू नाहीत. ज्यांच्याशी तह केले, त्यांनाच त्या कायद्याच्या बाहेर ठेवण्याची ही रीत केवळ सत्तेची नव्हती. तिला विधिज्ञांच्या सिद्धान्तांचे पाठबळही होते.

हे चित्र बदलते, पण संथपणे. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातील नैर्ऋत्य आफ्रिकेविषयी, म्हणजे आजच्या नामिबियाविषयी, इथिओपिया आणि लायबेरिया यांनी आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल केलेला दावा १९६६ मध्ये समसमान मतांनंतर अध्यक्षांच्या निर्णायक मताने फेटाळला गेला. या दोन्ही देशांना त्यात कायदेशीर हितसंबंधच नाही, असे ठरले. त्यावर नवस्वतंत्र राष्ट्रांनी मोठा रोष व्यक्त केला. पुढील काही वर्षांत न्यायालयाची रचना बदलली आणि १९७१ च्या सल्लागार मतात दक्षिण आफ्रिकेचा ताबा बेकायदा ठरला. नामिबिया स्वतंत्र व्हायला १९९० उजाडले. ही दिरंगाई अक्षम्यच होती. तरीही बेकायदा ताब्यावर उमटलेली ती मोहर स्वातंत्र्य चळवळीच्या हाती आलेले बळ होते, हे नाकारता येणार नाही.

प्रश्न : आमच्या शिरोळ तालुक्यात महापुराने पिके वाहून जातात. हवामानबदलाबद्दल परदेशांना जबाबदार धरता येईल का?
– एक शेतकरी, कृष्णाकाठ

उत्तर : वानुआतू या छोट्या बेटराष्ट्राच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मत मागितले आणि जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने सांगितले की, हवामानाला होणारी गंभीर हानी रोखण्यासाठी योग्य दक्षता घेणे हे राष्ट्रांचे कर्तव्य आहे, आणि त्यात कसूर झाल्यास नुकसानभरपाईचा प्रश्नही उद्भवू शकतो. हे मत बंधनकारक नाही. शिवाय एखाद्या विशिष्ट पुराचे नाते एखाद्या राष्ट्राच्या उत्सर्जनाशी जोडून दाखवणे अवघड आहे. ते अशक्य नाही, पण प्रत्येक प्रकरणात स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले आहे. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या पाण्याचा वाद यात मिसळू नये. तो दोन राज्यांमधील असून तो सोडवण्याची वाट १९५६ च्या आंतरराज्य नदी जलविवाद कायद्यातून जाते.