सही तुझी, जबाबदारीही तुझीच

‘मावशी, मी 26 वर्षांची. पद महिलेसाठी राखीव झालं म्हणून घरच्यांनी मला उभं केलं आणि मी थेट जनतेतून सरपंच झाले. पण मासिक सभेत आमचे हे शेजारी बसतात आणि तेच बोलतात. माझ्या डिजिटल सहीचं डोंगल त्यांच्याच खिशात. कोऱ्या चेकवर माझ्या सह्या घेऊन ठेवल्यात. परवा ग्रामसेवकांच्या गाडीवरून पंचायत समितीत गेले, तर गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घाणेरडं लिहिलं गेलं. सासूबाई म्हणतात, सही करायची आणि घरी यायचं, बाईच्या जातीला एवढं पुरे. राजीनामा देऊ का?’
– एक सरपंच, मराठवाडा

पोरी,

राजीनामा देऊ नकोस. थेट निवडून आलेल्या सरपंचाला अविश्वासाने काढायचं तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात, शिवाय ग्रामसभेने गुप्त मतदानाने तो ठराव मंजूर करावा लागतो. विरोधकांना इतकं जड जाणारं काम तू स्वतःच्या हाताने का करून द्यावंस?

तुझं पत्र वाचताना मला खरी धास्ती वाटली ती त्या कोऱ्या चेकची. ग्रामपंचायतीचं खातं सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या सहीने चालतं, आणि डोंगल म्हणजेही तुझीच सही. न बांधलेल्या गटाराचं बिल उद्या लेखापरीक्षणात सापडलं तर नोटीस तुझ्या नावाने येईल, वसुली तुझ्यावर निघेल, गुन्हाही तुझ्यावर दाखल होऊ शकतो. ‘यांनी सांगितलं म्हणून केली’ हे तिथे कोणी ऐकून घेत नाही. तेव्हा डोंगल मागून घे आणि पासवर्ड बदल. सह्या केलेल्या कोऱ्या चेकचे नंबर काढ आणि बँकेला पत्र देऊन ते थांबव. सभेचं इतिवृत्त लिहून पूर्ण झाल्याशिवाय त्यावर सही नको. नमुना 5 ची रोकडवही दर आठवड्याला मागव आणि ग्रामसेवकांना शेजारी बसवून एकेक नोंद समजून घे. सुरुवातीला काही कळणार नाही, तरी विचारत राहा.

नवऱ्याशी मात्र घरी बोल, सभेच्या आदल्या रात्री. चारचौघांत उठवलंस तर तो अपमान तो घरी घेऊन येईल, आणि राहायचं तुला त्याच घरात. सांग त्याला, ‘सही माझी आहे, तुरुंगात मी जाईन, म्हणून वाचल्याशिवाय करणार नाही.’ हे सासूबाईंनाही पटेल. तो सदस्य नाही, मासिक सभेत त्याला जागा नाही. हेही स्पष्ट सांग, फक्त आवाज न चढवता. प्रचारात तो तुझ्यासाठी वणवण फिरला असेल, त्याची जाण ठेव. पण त्याची परतफेड सह्यांनी करायची नसते. अंगावर हात उगारला तर मात्र समजूत घालत बसू नकोस, 112 लाव.

व्हॉट्सअ‍ॅपवर एका अक्षराचाही खुलासा करू नकोस. स्क्रीनशॉट ठेव, घाण पुन्हा आली तर सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दे. तालुक्याला जाताना एखादी सदस्य बाई सोबत मिळाली तर बरंच, नाही मिळाली तरी जा. बाई खुर्चीत बसली की लोक काय काय उकरून काढतात, ते जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्यात दिसलं. सरकारी जागेवरच्या घरात राहते, असा आरोप करून तिथल्या महिला सरपंचाला अपात्र ठरवलं होतं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि बाई सरपंच झालेली गावकऱ्यांना पचली नाही, हे स्पष्टपणे नोंदवलं. तूही तुमच्या घराचे, गोठ्याचे कागद आताच तपासून घे. अतिक्रमण हे अपात्रतेचं हमखास पुढे येणारं कारण आहे.

आणि एकटी पडू नकोस. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी असं कायदाच सांगतो, पण बऱ्याच गावांत ती फक्त कागदावर होते. तू खरोखर घे, बायका शेतातून परतल्यावर, संध्याकाळी. बारामती तालुक्यातल्या निंबूतमध्ये आरक्षण नव्हतं तेव्हा, साठच्या दशकात, बायकांनी अख्खी ग्रामपंचायत चालवली होती. महिला सभेत बोलायची तुलाही सवय होईल आणि त्याच बायका पुढे ग्रामसभेत तुझ्यामागे बसतील. पहिल्या सभेला सासूबाईंना सोबत ने आणि पाण्याचा विषय त्यांनाच मांडू दे.

– तुझी मावशी