मेटल डिटेक्टरने सापडलेल्या परदेशी चिल्लर नाण्यांना काही किंमत असते का?

पैशात विचाराल तर बहुतेक वेळा काही नाही. पण असली नाणी लोक भंगारात टाकतात ते बघून माझं डोकं फिरतं, म्हणून लिहितोय.

आम्ही सोलापूरचे, गाव मोहोळकडं. मागच्या उन्हाळ्यात जुन्या खळ्याच्या जागेवर मशीन फिरवलं, निम्मा दिवस बैलांच्या खुरांच्या पत्र्या, खिळे आणि बाटल्यांची झाकणं, आणि मग वीतभर खोल एक भलंमोठं हिरवट भोकाचं नाणं. थुंकी लावून पुसलं तर ईस्ट आफ्रिका, १० सेंट, १९४१, भोकाच्या दोन्ही अंगाला हत्तीचे सुळे. शिलिंगाचा दहावा हिस्सा, म्हणजे निव्वळ चिल्लर.

आता आजी सांगायची की आजोबा मराठा पलटणीतून आफ्रिकेतल्या एरिट्रियात केरेनच्या लढाईला होते. ती लढाई १९४१ चीच, आणि इटालियन हरल्यावर इंग्रजांनी तिथं हाच शिलिंग चालवला. पण आमचा चुलतभाऊ वीस वर्षं एकच बोलतो, म्हातारा पुण्याच्या पुढं गेलाच नव्हता. नाणं दाखवलं तर म्हणे आफ्रिकेतनं आलेल्या कुणा गुजराती व्यापाऱ्याचं असेल. अरे, व्यापारी आमच्या खळ्यात कशाला तडमडायला येतोय!

भोकाची कड एका बाजूला झिजलेली होती. आत्याला दाखवलं तर ती लगेच म्हणाली, हा अण्णाच्या करदोड्यातला पैसा, हरवला म्हणून मार खाल्लेला त्यानं. अण्णा म्हणजे त्या चुलतभावाचाच बाप!

नाणेवाल्यानं पन्नास रुपये सांगितले. म्हणून नाणं आधी घरातल्या म्हाताऱ्यांना दाखवा, मग दुकानात, आणि चुलतभावांना सगळ्यात शेवटी.

हां, एक राहिलं. खोलीवरून वय ठरवू नका, आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, कालचं नाणंपण हातभर खाली जातं. आणि सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या आसपास मशीन घेऊन अजिबात जाऊ नका, ते संरक्षित स्मारक आहे. शेतातसुद्धा पुरलेलं धन दहा रुपयांच्या वर असेल तर १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं, दहाच रुपये, हसू नका. (सुटं पडलेलं एक नाणं त्यात बसतं का ते वकिलाला विचारा, मी वकील नाही.)

आत्याचा व्हिडिओ त्या चुलतभावाला व्हॉट्सॲपवर पाठवलाय. टिक निळ्या झाल्यात, उत्तर नाही.