दोनशे मीटर लाइनला नायट्रोजन किती?

प्रश्न : कारखान्यात चार इंची, शेड्यूल 40 ची (म्हणजे पाइपच्या भिंतीच्या ठरावीक जाडीची) 200 मीटर एअरलाइन, म्हणजे दाबाच्या हवेची पाइपलाइन, टाकली आहे. नायट्रोजनने 6 बार दाबाला टेस्ट करायची आहे. सिलिंडर किती मागवू?
– एक फिटर, चाकण

उत्तर : या पाइपचा आतला व्यास 102 मिलिमीटर, म्हणजे मीटरला साधारण 8.2 लिटर. 200 मीटरचे झाले 1.64 घनमीटर. एक बार हवा आत आधीच आहे आणि गेज (दाबाचा काटा) त्याच्या वरचाच दाब दाखवतो, म्हणून गेजवरच्या 6 नेच गुणा : साध्या हवेच्या दाबाला मोजलेला जवळपास 10 घनमीटर गॅस. 47 लिटरच्या सिलिंडरमध्ये 150 बारला 7 घनमीटर गॅस येतो, पण दाब लाइनइतका उतरला की उरलेला बाहेर येत नाही. तो धरू नका. हिशेबाने दोन पुरतात. मी मात्र तिसरा मागवतोच. एखादी गॅस्केट फुसफुसली की लाइन रिकामी करून पुन्हा भरावी लागते, आणि सिलिंडरवाला नेमका तेव्हाच फोन उचलत नाही!

दुपारी भरलेली लाइन रात्री 10 अंशांनी थंड झाली, तर काटा 0.2 बारने आपोआप उतरतो. म्हणून आधी साबणाचं पाणी लावून गळती आहे का बघा, मग वेल्डरला बोला. आणि नायट्रोजन संपला म्हणून ऑक्सिजन कदापि जोडू नका. आत तेलाचा अंश असला तर भडका उडतो.