एकासाठी पद्धत बदलली, तर इतरांवर अन्याय होतो का?

“एका मुलाला तोंडी उत्तर देऊ दिले, तर पानभर लिहिणाऱ्या बाकीच्यांवर अन्याय होत नाही का?” सांगलीजवळच्या एका माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षकांनी आठवीतल्या एका मुलासंदर्भात मला हे विचारले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) प्रयोगाच्या वेळी सर्वांत आधी अचूक कारण सांगणारा हा मुलगा लेखी चाचणीत दोन ओळींपुढे जात नसे, वाचताना ओळ चुकवत असे आणि लिहिताना जोडाक्षरे गाळत असे. घरच्यांनी त्याला आळशी ठरवले होते. सरांना तसे वाटत नव्हते. मात्र सवलत दिली की अभ्यासाची पातळी उतरते, ही त्यांची खरी भीती होती. शिक्षकांकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकते आणि त्यामागे मुलाविषयी आकस क्वचितच असतो. बहुधा खच्चून भरलेला वर्ग आणि अपुरी तासिका असते.

मुलाविषयी बोलण्याआधी मी सरांना त्यांच्याच चाचणीतला आम्ल आणि आम्लारीवरचा प्रश्न वाचायला सांगितला आणि त्यातून नेमके काय तपासायचे आहे, हे विचारले. “दर्शकावरून, म्हणजे आम्ल की आम्लारी हे दाखवणाऱ्या पदार्थावरून, द्रावण ओळखता यावे आणि त्याचे कारण सांगता यावे, एवढेच,” ते म्हणाले. म्हणजे लिहिण्याचा वेग आणि शुद्धलेखन यांची परीक्षा त्या प्रश्नात कोणी न ठरवताच होत होती.

अमेरिकेत १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘कास्ट’ या संस्थेने विकसित केलेली ‘युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग’ ही मांडणी इथे उपयोगी पडते. उद्दिष्ट सर्वांसाठी पक्के ठेवावे. मात्र मुलांना विषयात गुंतवण्याचे, आशय समोर ठेवण्याचे आणि समजलेले व्यक्त करण्याचे मार्ग पहिल्यापासूनच एकापेक्षा अधिक असावेत, असे ती सांगते. त्या मुलापुरती सवलत मागण्याऐवजी आम्ही तो पाठच नव्याने आखला. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या मुलांनी घरून आणल्या. सांगलीत हळदीला काय तोटा! लिंबाच्या रसात पट्टी पिवळीच राहते आणि चुन्याच्या निवळीत तांबडी होते, हे पाहिल्यावर परिच्छेद, तक्ता, नावे दिलेली आकृती किंवा तोंडी स्पष्टीकरण यांपैकी कोणत्याही प्रकारे उत्तर देण्याची मुभा साऱ्या वर्गाला होती आणि गुणांचे निकष सर्वांना एकच होते. तोंडी उत्तरे सरांनी प्रयोग चालू असतानाच बाकाबाकांवर फिरून ऐकली, त्यामुळे वेगळी तासिका लागली नाही.

रंगांतला फरक नीट न कळणारा विद्यार्थी वर्गात असू शकतो, हे या आखणीतच लक्षात आले. त्याच्यासाठी गंधाचा दर्शक आहे: कांद्याचा वास लागलेल्या कापडावर सोडियम हायड्रॉक्साइडचे सौम्य द्रावण टाकले की तो वास विरतो. हे द्रावण शिक्षकांनीच हाताळावे.

मुलाने तोंडी उत्तर दिले. तक्ता निवडणारे मात्र अनपेक्षितपणे बरेच निघाले आणि त्यांत सुवाच्य अक्षराची, नेहमी चांगले गुण मिळवणारी मुलेही होती. एका मुलीचा परिच्छेद निर्दोष होता, पण पट्टी तांबडी का झाली, हे तिला सांगता आले नाही. तिची ही अडचण जुन्या चाचणीत कधीच दिसली नसती.

ही मुभा सरसकट नसते. मराठीच्या तासाला निबंध लिहिता येणे हेच उद्दिष्ट असेल, तर तिथे तोंडी उत्तर चालणार नाही. तिथे मुद्द्यांचा आराखडा, जास्तीचा वेळ किंवा आधी बोलून मग लिहिणे अशी मदत द्यावी. शिवाय दहावीची परीक्षा मुख्यतः लेखी असल्याने या मुलाचा लेखनाचा सराव थांबवलेला नाही, तो रोज थोडा थोडा चालू आहे.

पद्धत बदलल्याने मुलाच्या अडचणीच्या तपासणीची गरजही संपत नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या कायमच्या अडचणींचा) समावेश आहे आणि अशी मुले लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारी त्याने शिक्षणसंस्थांवर टाकली आहे. अशा अक्षमतेच्या प्रमाणपत्राने मुलावर शिक्का बसेल, ही आईची धास्ती होती. जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या परीक्षेतील सवलतींसाठी ते लागते, वर्गातल्या तक्त्यासाठी किंवा तोंडी उत्तरासाठी नाही, हे समजल्यावर त्या तपासणीला तयार झाल्या.