“त्याने काहीच केलेलं नाही, मग मला भीती का वाटते?”

“मॅडम, मी उगाच बाऊ करतेय का?” हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. या वेळी तो विचारणारी पुण्यात नोकरी करणारी पंचविशीची मुलगी होती (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). ती रोज पहाटे टेकडीवर पळायला जायची. पळणं संपलं की स्ट्राव्हावर, म्हणजे व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या अॅपवर, तिच्या वाटेचा नकाशा आपोआप सगळ्यांना दिसायचा. जुन्या ऑफिसातला एक जण एकही दिवस न चुकता लाइक द्यायचा. मग त्याची कमेंट आली, ‘आज उशीर झाला वाटतं.’ काही दिवसांनी, ‘हल्ली मागच्या गेटने निघतेस ना?’

शिवी नाही, धमकी नाही, पण हिची झोप उडाली. आई म्हणाली, “पळणंच बंद कर. आणि एवढं सगळं टाकायचंच कशाला?” झालं, भीतीत शरमेची भर.

तिला मी सांगितलं, भीती खोटी नाही. एका दिवसाचा नकाशा काही बोलत नाही. महिनाभराचे एकत्र पाहिले की घर, वेळ, सुट्टीचा वार सगळं कळतं. जानेवारी 2018मध्ये स्ट्राव्हाच्याच जगभराच्या एकत्रित नकाशात अफगाणिस्तान, सीरियातले लष्करी तळ उठून दिसले होते. त्यात कुणाचं नाव नव्हतं आणि सैनिकांनी केला होता तो फक्त व्यायाम.

सेटिंग बदलायला पाच मिनिटं पुरतात. सुरुवातीचा आणि शेवटचा टप्पा लपवता येतो, नकाशा फक्त स्वतःपुरता ठेवता येतो. हे तिला माहीत होतं. गाडी अडली होती ती भलतीकडेच: “त्याला काढलं तर वाईट वाटेल त्याला. म्हणेल, स्वतःला काय समजते!” आमचं मुख्य काम इथेच झालं. समोरच्याला वाईट वाटू नये याची काळजी घ्यायला मुलींना आपण लहानपणीच शिकवतो. स्वतःला अस्वस्थ वाटतंय, एवढं कारण पुरेसं असतं हे मात्र कुणी सांगत नाही. तिने त्याला पाठवायचा निरोप माझ्यासमोरच तीनचारदा लिहिला. ‘सॉरी’ प्रत्येक वेळी खोडावं लागलं. शेवटी उरलं एवढंच: ‘माझ्या येण्याजाण्याबद्दल कमेंट करू नका. मला ते आवडत नाही.’

आधी स्क्रीनशॉट, मग निरोप, ब्लॉक सगळ्यात शेवटी, हा क्रम मी मुद्दाम धरायला सांगते. स्पष्ट नकारानंतरही कुणी पुन्हा पुन्हा पाठलाग किंवा संपर्क करत राहिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 78खाली तो गुन्हा ठरतो, आणि तेव्हा नकाराचा पुरावा हाताशी लागतो. इथे तशी वेळ आली नाही; तो गप्प झाला.

पळणं चालू आहे. नकाशा आता फक्त तिलाच दिसतो. आईसाठी व्हॉट्सअॅपवर एक तासाचं लाइव्ह लोकेशन ठरलं. आईला आठ तासांचं हवंय. पुढच्या वेळी त्या दोघी मिळून येणार आहेत.